नात्याचा रकाना

इंग्लंडला मी कधी गेलेली नाही, पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. तरी तिथल्या एखाद्या खेड्यात दीडशे वर्षांपूर्वी कोणाचं मूल गोवराने गेलं, कोणी शेजारणीशी लग्न केलं आणि कोण बोटीत बसून कॅनडाला गेला तो गेलाच, हे मी बसल्या जागी सांगू शकते. महाप्याच्या एका ऑफिसात मी हेच काम करते. तिकडची माणसं आपले पूर्वज शोधून द्या म्हणतात आणि इकडे कोपरखैरणे, ऐरोली, कळव्याच्या आम्ही बायका ते शोधून देतो. चर्चची जुनी रजिस्टरं, जनगणनेचे कागद, बोटींच्या याद्या, सगळं स्क्रीनवर येतं. माझा नवरा लोकांना सांगतो, ‘आमची ही गोऱ्यांचे आजे-पणजे शोधते, माझा चष्मा मात्र तिला सापडत नाही.’

आमच्या कामाचा एक नियम फार कडक आहे. दोन माणसांचं नातं कागदाने सिद्ध झालं तर वंशवृक्षात ठळक रेघ. नुसता अंदाज असेल तर तुटक रेघ. नवीन मुली आल्या की हा नियम मीच त्यांना शिकवते, जरा जास्तच तोऱ्यात. म्हणून पुढची गोष्ट सांगताना मला आधीच लाज वाटते आहे, आणि ही तर सुरुवात आहे.

मागच्या वर्षी माझ्याकडे एका सुताराचं घराणं आलं. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या खेड्यात हा माणूस गाड्यांची चाकं बनवायचा. त्याला चार मुलगे. थोरला गावातच राहिला, दोघं कॅनडाला गेले, धाकटा न्यूझीलंडला. काम देणारी बाई निवृत्त शिक्षिका होती, थोरल्याच्या वंशातली. उन्हाळ्यात कॅनडाचे आणि न्यूझीलंडचे सगळे नातलग तिच्या गावी जमणार होते, पहिल्यांदाच. चर्चशेजारच्या हॉलमध्ये ती वंशवृक्षाचा मोठा कागद भिंतीवर लावणार होती. तिच्या प्रत्येक मेलमध्ये एक वाक्य असायचं, की आपल्यातलं कोणी सुटायला नको.

न्यूझीलंडला गेलेल्या धाकट्याची बायको तिसऱ्या बाळंतपणात गेली होती. तिचं दफन रजिस्टरात सापडलं. पुढच्या जनगणनेत तो, तीन मुलं आणि बायकोची धाकटी बहीण एका घरात. नात्याच्या रकान्यात ‘मेहुणी’ आणि कामाच्या रकान्यात ‘घरकाम’. त्यानंतर बोटीची यादी. त्यात तो, तीच तीन मुलं आणि तीच बाई, पण आता ‘पत्नी’.

मी क्षणभरही थांबले नाही. बायको गेली, पोरं लहान, मग मेहुणीशी लग्न लावलं असणार. दुसरं काय होणार? मी दोघांमध्ये ठळक रेघ ओढली, ‘दुसरा विवाह’ असं लिहिलं आणि पुढच्या पिढीकडे वळले. ऑफिसातल्या दुसऱ्या कोणीही ही चूक केली नसती. बोनकोड्यात वाढलेल्या माझ्यासारख्या बाईनेच ती करावी.

आमची टीम लीड केरळची आहे. तिने फाइल तपासली आणि मला खुणेने बोलावलं.

“शादी का रेकॉर्ड किधर है?”

“होगा ना मॅडम. बोट में वाइफ लिखा है.”

“होगा नहीं. दिखाओ.”

मी चार दिवस शोधलं. त्या गावाचं रजिस्टर, शेजारच्या गावांची, बंदराच्या शहरातली. लग्न कुठेच नव्हतं. शेवटी टीम लीडनेच सांगितलं, की त्या काळी इंग्लंडात मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. केलं तरी ते लग्न मानलं जात नसे. म्हणून पुष्कळ जोडपी वसाहतींकडे निघून जात, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. म्हणजे ती बाई गाव सोडेपर्यंत मेहुणी होती आणि बोटीवर पाय ठेवल्यावर बायको झाली.

मी म्हटलं, “हे काय भलतंच? आमच्याकडे तर घरची मोठी माणसंच पुढे होऊन लावून देतात.”

टीम लीड म्हणाली, “आपके इधर का नहीं, उधर का लिखना है.”

आमच्याकडचं मला कोणी सांगायला नको होतं. मी पाच वर्षांची आणि भाऊ दोन वर्षांचा असताना आई काविळीने गेली. जासईहून, आईच्या माहेराहून, तिची धाकटी बहीण आली ती दोन आठवड्यांसाठी, आम्हाला पेज करून घालायला. तेव्हा तिचं वय एकोणीस असेल. दोन आठवड्यांचे तीन महिने झाले. मग एका सकाळी घरातल्या देवासमोर तिने आणि बाबांनी एकमेकांना हार घातले. आईचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून वाजंत्री नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. जासईचे दोघं मामा, आमचे काका-काकी आणि शेजारचे एक म्हातारे, एवढीच माणसं. मी काकीच्या मांडीवर बसले होते आणि मला पेढा मिळाला होता. तो कागदासकट चघळल्याचंही आठवतं.

ती आमची मावशी होती आणि मावशीच राहिली. मला ताप आला तर ती कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवायची, भावाच्या मारामाऱ्या मिटवायला लोकांच्या दारात जायची, बाबांची बोलणी खायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही. का झालं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे मी आईचंच नाव लिहायची आणि ते बरोबरच होतं. पण माझ्या लग्नात ऑफिसच्या मैत्रिणींना मी तिची ओळख ‘ही माझी मावशी’ एवढीच करून दिली. ती जासईहून लग्नापुरती आली आहे असं त्यांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं. नवरीची सावत्र आई म्हटलं की प्रश्न येतात. शिवाय ती त्या दिवशी सगळे दागिने एकदम घालून आली होती, आणि मला ते बरं वाटत नव्हतं. आता हे लिहिताना मला मान वर करवत नाही.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. आमची शेतजमीन सरकारने शहरासाठी घेतली होती आणि तिच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट इतकी वर्षं रखडला होता. बाबा गेल्यानंतर सहा महिन्यांत तो अचानक हलला. वारसांची नावं लागायची तर आधी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ हवी. भावाचा फोन आला, “तू बनव ना. तुझं तर रोजचंच काम हाय.”

मी बनवली. वर बाबांचं नाव, शेजारी आईचं, कंसात मयत. खाली मी आणि भाऊ. मग मी भावाला विचारलं, “मावशीचं कसं करायचं?”

तो म्हणाला, “लग्नाचा काय पुरावा हाय का? रेशनकार्डावर पण मेव्हणीच लिवलंय. ती आली तवा बाबांनी लिवलेलं, ते कुणी बदललंच नाय. नाव घातलं तर तिचे भाव येतील जासईवरनं हिस्सा मागाया. प्लॉटसाठी बिल्डर थांबलाय. नंतर बगू.”

आणि मी काय म्हटलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, “बरोबर आहे. पुराव्याशिवाय घालता येत नाही.”

पेढा खाल्लेली मी. पुरावा मीच होते. काकी जिवंत होती, मामा जिवंत होते. आमच्या ऑफिसात एवढ्यावर तुटक रेघ तरी नक्की मिळाली असती. मी मावशीला तीही दिली नाही. एका न पाहिलेल्या इंग्रज बाईला मी पुढे एकही कागद न बघता पत्नी करून टाकणार होते, आणि जिच्या हातची पेज खाऊन वाढले तिला मी कागद मागितला. मला तेव्हा हेही माहीत होतं, की त्या वंशावळीत नाव नाही म्हणजे बाबांच्या कशातही तिचा हक्क नाही. उद्या भावाने आणि भावजयीने राहू दिलं तर ती राहील, नाही तर जासईला भावांच्या दारात. भाऊ म्हणत होता, की नव्या इमारतीत तिची खोली ठेवूच. तोंडाने म्हणत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण त्या कागदावर दोन साक्षीदार लागतात, कुटुंबाला चांगलं ओळखणारे. एक शेजारचे काका ठरले. दुसरं कोण, असा प्रश्न आला तेव्हा भाऊ म्हणाला, “मावशी हाय की. तिच्याहून जास्त कोण वळखतं आपल्याला?”

मी नाही म्हणाले नाही. मावशी हात पुसत बाहेर आली. मी तिला कागदाचा वरचा भाग वाचून दाखवला, बाबांचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव. खाली लिहिलं होतं, वरील व्यक्तींव्यतिरिक्त मयताला अन्य कोणीही वारस नाही. तिथे आल्यावर मी म्हटलं, “बाकी तेच ते आहे,” आणि पान उलटून सहीची जागा दाखवली. तिने सही केली. आपण या घरात कोणी नाही, याची साक्ष माझ्या मावशीने स्वतःच्या हाताने दिली. मग तिने आम्हाला विचारलं, चहा ठेवू का. आम्ही प्यालो.

मधल्या काळात मी हे विसरून गेले असं म्हणत नाही. पण सणावारी जायचे, तिच्यासाठी साडी न्यायचे, तिच्या गुडघ्याला तेल आणून द्यायचे. माणूस स्वतःला असंच फसवतं. प्लॉटचं काम पुन्हा कुठेतरी अडकलं होतं आणि ते अडकलेलंच बरं असं मला आतून वाटायचं.

तर, काम देणाऱ्या त्या शिक्षिकेला चूक सांगायची होती. ठळक रेघेचा मसुदा तिला आधीच गेला होता. व्हिडिओ कॉलवर टीम लीड माझ्या शेजारी बसली आणि मी माझ्या कामचलाऊ इंग्रजीत सगळं सांगितलं. लग्न झाल्याचा कागद नाही, होणंही शक्य नव्हतं, मी अंदाजाने लिहिलं, माफ करा. मला वाटलं होतं ती चिडेल, न्यूझीलंडच्या लोकांना काय तोंड दाखवू म्हणेल. पण तिने समोरचा मसुदा उघडून ती जागा शोधली. मग म्हणाली, की रेघ तुटक करा, तो तुमचा नियम आहे. पण तिचं नाव काढू नका. दुसऱ्याची तीन मुलं घेऊन ती बाई तीन महिने बोटीत होती. तिला वगळून मी तो कागद भिंतीवर लावणार नाही.

मी ‘नक्की’ म्हटलं. तेवढ्यात तिने सहज विचारलं, तुमच्याकडेही असा कायदा होता का?

मग मला चेव आला. मी तिला छान समजावून सांगितलं. आमच्याकडे यात काही वाईट समजत नाहीत, उलट मुलांना सावत्रपणा जाणवू नये म्हणून मावशीच बरी असं म्हणतात, तिला घरात मान असतो. ‘मान’ हा शब्द मी दोनदा वापरला. बाईला फार आवडलं. ती म्हणाली, किती शहाणपणाचं आहे हे. तुझ्या ओळखीत आहे का असं कोणी?

मी म्हटलं, “नो.”

का म्हटलं? कोणी मला अडवलं नव्हतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता, मग ती तुमच्या वंशवृक्षात कुठे आहे, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. कॉल संपला. टीम लीडने पाठीवर थाप मारून “अच्छा संभाला” म्हटलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडू येत नव्हतं. नुसतं तोंड गरम झालं होतं.

रविवारी मी माहेरी, बोनकोड्याला गेले. मावशी गॅलरीत पाटावर बसून सुक्या बोंबलांची डोकी काढत होती. भाऊ-भावजय बाहेर गेले होते. मी तिच्या समोर खाली बसले आणि एक बोंबील हातात घेऊन बोलायला लागले. हाताला काम असलं की मला बरं पडतं.

“मावशी, तू सही केलीस ना, बाबांच्या वेळी, त्या कागदावर तुझं नाव नव्हतं.”

“ठावं हाय,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“कोन सांगंल? वाचलं मी.” तिचे हात थांबले नव्हते. “तू शालंत व्हतीस तवा तुजी पुस्तकां कोन उगडून बसायची दुपारची? मना वाचता येतं गो बाय. सावकास येतं, पन येतं.”

मला हे माहीत नव्हतं. तिच्या हाताखाली मी वीस वर्षं काढली आणि मला हे माहीत नव्हतं.

“मग सही का केलीस?”

आता मात्र तिने हातातला बोंबील सुपात ठेवला.

“पेन धरून बसले ना मी. वाईच थांबले. म्हनलं, पोर वाचते हाय, आता बोलंल. आता बोलंल. भावाचं नाय मना काय, त्यो बापावं गेलाय. तुजी वाट बगितली. तू पान उलाटलंस.”

ती रागावली होती. सही केल्यापासून रागावलेली होती आणि तेव्हापासून तिने मला प्रत्येक वेळी सुकटीची पिशवी भरून दिली होती. मी तिचे पाय धरले असते, पण तिने तसं काही करू दिलं नसतं. मी एवढंच म्हटलं, की नवीन कागद करते, तुझं नाव घालून. मामांना आणि काकीला साक्षीला घेते.

“कर,” ती म्हणाली. “मना हवं हाय त्ये. नको कशाला म्हनू? पन या टायमाला मना वाचून दावू नको. मी वाचीन माजं.”

भाऊ भडकला. जिन्यात उभा राहून त्याने मला बरंच सुनावलं, की तुला काय, तू आपली सोसायटीत राहतेस, निस्तरायचं आम्हाला. मी त्याच्याशी भांडले नाही, कारण पहिला कागद त्याने नाही, मी लिहिला होता. मी एवढंच सांगितलं, की बिल्डरच्या करारावर माझीही सही लागते आणि हा कागद बदलल्याशिवाय मी ती करणार नाही. तो महिनाभर बोलला नाही. मग एक दिवस गाडी काढून आला आणि म्हणाला, “चला.”

ठाण्याला कचेरीबाहेर झाडाखाली नोटरीचं टेबल होतं. जासईचे दोघं मामा आले होते. काकीला दोन बाजूंनी धरून आणलं होतं. मावशीने चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, ओळीखाली बोट ठेवून. ओठ हलत होते, आवाज नव्हता. टेबलावरच्या माणसाने घड्याळ बघितलं. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. तिथे ‘मयताची पत्नी’ असं लिहिलेलं होतं आणि पुढे तिचं नाव. ती तिथे बराच वेळ थांबली, मग खाली गेली. शेवटपर्यंत वाचूनच तिने सही केली.

त्या माणसाला त्याच्या रजिस्टरात सगळ्यांची नोंद करायची होती. त्याने माझं नाव लिहिलं, भावाचं लिहिलं आणि मग पेनाने मावशीकडे खूण करून मला विचारलं, “ह्या कोण तुमच्या?”

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “मावशी.” इतकी वर्षं तेच सांगत आली होती, तसंच.

माणूस माझ्याकडे बघत राहिला. कागदावर पत्नी आणि तोंडी मावशी, त्याला मेळ बसेना. मावशीही बघत होती. मला एकच शब्द म्हणायचा होता, ‘आई’. घरून निघताना मी तो मनात म्हणून बघितला होता. भाऊ होता, मामा होते, काकी होती, सगळे थांबले होते.

मी म्हटलं, “वडिलांच्या पत्नी.”

त्याने तसं लिहून घेतलं. मावशीने चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि काकीला उठवायला पुढे झाली.